मागच्या सीटवरची शिट्टी

१

बस उभी होती, दिवे विझलेले होते, दार बंद होतं, आणि तरीही आत काहीतरी शिट्टी वाजवत होतं.

झाडूवाल्या मावशींना आधी वाटलं, आपलेच कान वाजताहेत. सकाळ इतकी गारठलेली होती की डेपोतल्या नळालाही पाणी सोडायचं जिवावर आलं होतं. मावशी बादली घेऊन तिथेच थबकल्या. आवाज बारीक होता, एकसुरी, डास कानाशी घोंघावावा तसा. त्यांनी पुढच्या पत्र्याखाली हात घालून दाराची कळ दाबली. दार फुस्स करून उघडलं. आवाज मागून येत होता.

शेवटच्या लांब सीटवर, खिडकीच्या कोपऱ्यात, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अंगात तपकिरी कोट, गळ्याशी नीट गुंडाळलेला मफलर, दोन्ही हात मांडीवर. डोकं काचेला टेकलेलं. शिट्टी त्यांच्या कानातून येत होती. कानात ऐकायचं यंत्र होतं आणि ते काचेला दाबलं जाऊन कुईकुई करत होतं.

"अहो काका," मावशी म्हणाल्या, "ही गाडी सुटायला अवकाश आहे अजून. उतरा बघू खाली."

काका काही हलले नाहीत. मावशींनी खांद्याला हात लावला. मग बादली तिथेच सोडून त्या दाराकडे पळाल्या.

गाव कॉलेजचं. बातमी वर्गावर्गांतून फिरली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. प्रोफेसरकाका बसमध्ये डुलकी लागून झोपले, कुणी पाहिलं नाही, गाडी कुलूपबंद झाली आणि म्हातारा रात्रभर कुडकुडून मेला, असं जो तो सांगू लागला. बससेवेच्या व्यवस्थापकांनी चौकशी अधिकारी बाईंना बोलावून घेतलं.

या बाईंना डेपोत तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की शंकाबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि नाव लागू आहे हेही त्यांना मान्य होतं. कुठल्या गाडीने कुणाचा आरसा उडवला, कुठल्या चालकाने कुणाला काय ऐकवलं, याचा छडा लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरी गेल्यावर तिला सगळं सांगायच्या. आई गेल्या हिवाळ्यात गेली. आता घरी गेल्यावर त्या रेडिओ लावत आणि त्यात काय चाललंय ते न ऐकता भांडी विसळत.

"यात चौकशी कसली करायची?" व्यवस्थापक म्हणाले. "संध्याकाळी गाडी आली की मावशींनी ती झाडायची, सगळ्या सीटा बघायच्या आणि मग दार लावायचं. त्यांनी झाडली असती तर माणूस दिसला असता. झाडली नाही. समितीपुढे तेवढं मांडू, त्यांना कामावरून कमी करू, लोकांचं तोंड बंद होईल."

"आणि झाडली असेल तर?"

"मग तो माणूस बंद गाडीत आला कुठून?"

शंकाबाईंनी इस्पितळात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण दुपारी गेले की रात्री, हे इतक्या थंडीत छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

म्हणजे प्रश्न तिथेच उभा होता. तो माणूस बसमध्ये एकटा, दार ठोठावत मेला का? आणि तसं असेल तर कुणामुळे?

२

मावशी चहाच्या टपरीमागे बाकावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले.

"झाडली होती मॅडम. कोपरान् कोपरा झाडला होता. एक माणूस नव्हता आत."

"मावशी, मी गाडी बघून आलेय," शंकाबाई शेजारी टेकत म्हणाल्या. "तिसऱ्या सीटखाली संत्र्याची सालं आहेत, वाळून कडक झालेली. मधल्या वाटेत कुणाच्यातरी पेन्सिलीचा भुगा आहे. ती गाडी कुणी झाडलेली नाही."

मावशींनी पदराने नाक पुसलं.

"खरं सांगितलं तर नोकरी जाईल."

"खोटं सांगितलंत तर नक्की जाईल. आणि तुमच्यामुळे एक माणूस मेला हे आयुष्यभर ऐकाल, ते वेगळं."

"मला घड्याळनं जा म्हणून सांगितलं," मावशी एकदाच्या म्हणाल्या. "गाडी आत घेतली आणि स्वतः खाली उतरून आला. म्हणाला, मावशी, गुडघे दुखताहेत ना तुमचे, घरी जा, आज मी मारतो झाडू. मला काय, देव भेटल्यासारखं झालं. मी पिशवी उचलली आणि चालू पडले. आता हे सांगितलं तर त्या बिचाऱ्याची नोकरी जायची. तो माझ्या चांगल्यासाठीच बोलला होता ना."

घड्याळ म्हणजे वर्तुळ मार्गावरचा संध्याकाळच्या पाळीचा चालक. स्टेशन, कॉलेजचं फाटक, ग्रंथालय, वसतिगृहं, तिथून गावाबाहेर पाण्याची टाकी आणि फिरून स्टेशन, असा तो मार्ग. तो थांब्यावर आला की विद्यार्थी आपापली घड्याळं लावून घेत, म्हणून हे नाव.

"घड्याळला झाडू मारताना कधी पाहिलंय तुम्ही?"

"छे हो. कपड्याला डाग पडला तर दिवसभर तोंड पाडून बसणारा माणूस तो." मावशी थांबल्या. "आणि काल तर तो घाईत होता. उशीर झाला होता ना त्याला."

शंकाबाईंनी मान वर केली. घड्याळला उशीर झाल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

३

घड्याळची त्या दिवशी सुट्टी होती, तरी तो बोलावल्याबरोबर आला. चाळिशीचा, सडपातळ, शर्टाची इस्त्री अशी की कडेवर बोट कापावं. त्याने खुर्ची सरळ करून घेतली आणि मगच बसला.

"उशीर कशाने झाला?"

"टायरमध्ये हवा कमी वाटली. उतरून बघितलं."

"मावशींना घरी का पाठवलंत?"

"कीव आली."

"आणि मग झाडू मारलाच नाहीत."

"कंटाळा आला. चूक झाली माझी." तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मागे कुणी बसलंय हे दिसलं नाही. मागचा दिवा गेलाय, कॅमेरा तर कधीचा बंद आहे. मी दार लावलं आणि घरी गेलो."

उत्तरं सगळी बरोबर होती. फार बरोबर होती. शंकाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सहज गप्पा माराव्यात तसं विचारलं, "प्रोफेसरकाका कसे होते हो? मी कधी बोलले नाही त्यांच्याशी."

घड्याळचे खांदे जरा सैल पडले. "साधा माणूस. बोलायचे नाहीत फारसे. गाडीत चढले की पहिलं काम म्हणजे कानातलं यंत्र काढायचं आणि डबीत ठेवायचं. इंजिनाची घरघर त्यातून डोक्यात घुसते म्हणायचे. मग आपण काही विचारलं तर नुसतं हसायचे. एकदा यंत्र काढायचं राहिलं तर पायरीवरच थांबले, मागे माणसांची रांग, पण काढल्याशिवाय आत पाय नाही टाकला."

"कुठे चढायचे संध्याकाळी?"

"असं काही ठरलेलं नव्हतं. कुठूनही."

शंकाबाईंनी आभार मानले. तो उठला, खुर्ची पुन्हा सरळ केली आणि गेला. कुठला विद्यार्थी कुठल्या थांब्यावर चढतो हे त्याला पाठ होतं, आणि रोजचा म्हातारा कुठून चढतो हे ठाऊक नाही म्हणतो. त्या तशाच बसून राहिल्या. खाली आवारात कुणीतरी गाडी धुवत होतं. नळीतून पाणी सुटताना बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

शंकाबाई ताडकन उठल्या.

प्रोफेसरकाका गाडीत चढताना यंत्र काढून ठेवत. न काढता ते पायरीसुद्धा ओलांडत नसत. मग मावशींना सकाळी शिट्टी ऐकू आली ती कशाची? यंत्र कानात होतं, चालू होतं. म्हणजे काका त्या गाडीत आपल्या पायांनी चढलेच नव्हते.

४

काका पुतण्याकडे राहत. खरं तर पुतण्याच काकांकडे राहत होता. घर काकांचं होतं. पुतण्या कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला, अजून एकटाच. शंकाबाई गेल्या तेव्हा तो दार उघडून तसाच उभा राहिला, आत या म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

घर नीटनेटकं होतं. स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या, दोन किटल्या, चहाचे दोन डबे. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसं.

"ते रात्री घरी आले नाहीत. तुम्ही शोधाशोध केली नाही?"

"त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मला वाटलं झोपलेत." तो शंकाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाला, "तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय मला. पोलिसांनाही वाटलं. घर आता माझं होणार. पण आमचं रोजच असं होतं हो. मी येईपर्यंत ते खोलीत गेलेले असायचे. सकाळी मी निघताना दिसले तर दिसले."

"त्यांचं ऐकायचं यंत्र..."

"ते कधी लावत नव्हते. मला वाटतं बिघडलं होतं. मला ओरडून बोलावं लागायचं, मग मी बोलायचंच सोडलं."

"बिघडलं नव्हतं," शंकाबाई म्हणाल्या. "सकाळी ते चालू होतं. कानात होतं."

पुतण्याने एक किटली उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. त्याच्या मनात काय चाललं असेल हे शंकाबाईंना दिसत होतं आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. यंत्र चालू होतं. म्हणजे माणूस ठरवून ते लावत होता आणि ठरवून काढत होता. घरी तो काढत होता.

"शेवटचं बोलणं काय झालं तुमचं?"

"भांडण." तो कसाबसा हसला. "बटणावरून. त्यांच्या कोटाचं मधलं बटण कधीचं तुटलं होतं. काल सकाळी ते तसेच निघाले. मी ओरडून म्हटलं, असे फाटके हिंडू नका, लोक मला नावं ठेवतात. ते हसले आणि गेले. ऐकू आलं की नाही, कोण जाणे."

शंकाबाई तिथून तडक पोलिस चौकीवर गेल्या. तिथला हवालदार ओळखीचा होता. त्याने कपाटातून काकांच्या कपड्यांचं गाठोडं काढून टेबलावर सोडलं.

तपकिरी कोटाची सगळी बटणं जागेवर होती.

५

मधलं बटण त्यांनी बोटांनी चाचपलं. बाकीची बटणं जुन्या तपकिरी दोऱ्याची, विरत आलेली. हे एकच गडद निळ्या दोऱ्याने टाचलेलं. घाईगर्दीचं काम नव्हतं. बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन छोटी मान केली होती, म्हणजे जाड कापडावर बटण ताणू नये. हे ज्याच्या हातात सुई रोज असते त्याचंच काम.

काल सकाळी बटण नव्हतं. संध्याकाळी होतं. मधल्या वेळात काका कुठेतरी कोट काढून बसले होते. आणि तिथे यंत्र कानात घालून बसले होते.

शंकाबाईंनी खिसे बघितले. रुमाल, किल्ली, बसचा ज्येष्ठांचा पास. यंत्राची डबी मात्र नव्हती.

"कोट तेवढा राहू दे बाहेर," त्या हवालदाराला म्हणाल्या आणि डेपोत परत आल्या. दोरा त्यांनी कुठेतरी पाहिला होता. रोज पाहत होत्या, पण कुठे ते आठवेना. फाटकाशी मावशी उभ्या होत्या, काम नसताना, घरी जायला पाय निघत नसल्यासारख्या. अंगावर बससेवेचा निळा कोट.

"मावशी, इकडे या जरा." शंकाबाईंनी त्यांच्या कोटाचं वरचं बटण हातात धरलं. गडद निळा दोरा. बटणाखाली तीच छोटी मान.

"हे कुणी लावलं?"

"बटण होय? आम्हा सगळ्यांचे गणवेश त्याच बाई करतात की. लांडे करायचे, उसवायचे, बटणं लावायची. टाकीच्या थांब्याला घर आहे त्यांचं, अगदी समोर." मावशींना यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना. "घड्याळची आई."

६

संध्याकाळच्या गाडीने शंकाबाई टाकीला निघाल्या. वसतिगृहांशी विद्यार्थी भडाभडा उतरले आणि गाडी रिकामी झाली. चालकाने आरशातून एकदा बघितलं, या बाई कुठे निघाल्यात म्हणून. पुढचा सगळा रस्ता त्यांचा एकटीचा. खिडकीबाहेर कुंपणं, मग कुंपणंही संपली. काकांना हा रस्ता रोज असाच दिसत असणार. फक्त त्यांना पुढे कुणीतरी होतं.

त्यांनी मनाशी सगळं एकदा लावून पाहिलं. काका आपल्या पायांनी चढले नाहीत, म्हणजे कुणीतरी त्यांना आणून बसवलं. भर गाडीत ते जमणार नाही, म्हणजे जिथे कुणी चढत-उतरत नाही तिथे, टाकीच्या थांब्यावर, शेवटच्या फेरीला. बसवणारा तोच, ज्याला त्या फेरीला उशीर झाला आणि ज्याने मावशींना गाडीत चढूच दिलं नाही. एवढं कळलं होतं. एकच कळत नव्हतं. काका त्या घरी मेले तर तसं सांगायला काय हरकत होती?

दार घड्याळनेच उघडलं. शंकाबाईंना बघून तो बाजूला झाला.

आत शिवणयंत्रापाशी त्याची आई बसली होती. साठी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, बोटात शिवणकामाचं अंगुस्तान. यंत्र चालू नव्हतं. समोर उंच पाठीची वेताची खुर्ची होती आणि टेबलावर, दोऱ्याच्या रिळांमध्ये, एक छोटी गोल डबी.

"ती त्यांची का?" शंकाबाईंनी विचारलं.

"आई, काही बोलू नकोस," घड्याळ म्हणाला.

"तू गप्प बस," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण चाळिशीचा मुलगा गप्प झाला. "बसा बाई. त्या खुर्चीत नको. इकडे बसा."

शंकाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"पहिल्यांदा आले ते बाही आखूड करून घ्यायला. बाहेर गारठा, परतीची गाडी यायची होती. मी म्हटलं, बसा, चहा घ्या. त्यांनी खिशातून डबी काढली, ते यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, हं, आता बोला." बाईंनी अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. "मला हसूच आलं. आता बोला म्हणे. काय बोलायचं? पण एकदा मी सुरू झाले ती झालेच. याचे वडील गेल्यापासून मी बोलते कुणाशी? मशीनशी. हा येतो, घास गिळतो, फेरीला जातो. चुकतोय असं नाही हो, त्याचं कामच तसं."

"ते रोज यायचे?"

"दुपारी. हा डेपोत जायला निघाला की, याची पाळी सुरू व्हायच्या आधीच्या गाडीने येऊन बसायचे आणि अंधार पडायला लागला की याच्याच गाडीने परत. याला वाटायचं, म्हातारा टाकीवर फिरायला येतो."

"काय बोलायचे ते?"

"ते नाही बोलायचे. मी बोलायची, ते ऐकायचे. इतकं शिकलेला माणूस, पण मी कुणाच्या पोलक्याची गोष्ट सांगितली तरी मान पुढे काढून ऐकायचा." त्या थांबल्या. "काल म्हटलं, तुमचं बटण कुठे गेलं? म्हणाले, पुतण्या पण तेच म्हणत होता. म्हणजे त्याचं ऐकू येत होतं त्यांना. तो ओरडायचाच तसा."

हे पुतण्याला सांगायचं की नाही, हे शंकाबाईंना ठरवता येईना.

"कोट काढून दिला त्यांनी. मी निळ्या दोऱ्यानेच लावलं, तपकिरी संपला होता. लावता लावता मी बोलत होते. डेपोतल्या कुणाची तरी गंमत सांगत होते, पँट एका पायात आखूड झालेली. ते हसले. मी दोरा तोडला, कोट पुढे केला. त्यांनी घेतला नाही. मला वाटलं, डोळा लागला. मी आपली बोलतच राहिले." त्यांचा आवाज तसाच सपाट होता. "किती वेळ बोलत होते, देव जाणे. मग माझ्या लक्षात आलं."

घड्याळ भिंतीला टेकून उभा होता. "मी शेवटच्या फेरीला आलो तर आई थांब्यावर उभी. डॉक्टरला बोलाव म्हणाली. मी आत येऊन बघितलं, तर तो माणूस आमच्या खुर्चीत, कोट काढून. आई घरी एकटी असते, मॅडम. दिवसभर. लोक काय म्हणतील? याच वस्तीत राहायचंय तिला. मी त्यांना उचललं. काही वजन नव्हतं हो त्यांना."

"कोट मीच चढवला," आई म्हणाली. "मफलर गुंडाळला. ते यंत्र तेवढं काढवेना. ते काढलं की संपलं, असं वाटलं."

"आणि बसमध्ये ठेवून काय होणार होतं?" शंकाबाईंनी घड्याळला विचारलं.

"दुसऱ्या दिवशी कुणीतरी बघेल, झोपेत गेले म्हणेल. रोजचाच प्रवासी. मावशींनी लगेच बघितलं असतं तर मलाच विचारलं असतं, म्हणून त्यांना घरी पाठवलं. मला वाटलं, मी आईला वाचवतोय."

"मावशींची नोकरी चाललीये. त्या घरी का गेल्या हे त्या आज दुपारपर्यंत सांगत नव्हत्या. तुम्हाला त्रास होईल म्हणून."

घड्याळने तोंड फिरवलं. जवळच्या शिवणयंत्राच्या चाकावर त्याने हात ठेवला आणि ते उगीचच अर्धा फेरा फिरवलं. मग म्हणाला, "उद्या मी येऊन सांगतो."

"आत्ताच चला," आई म्हणाली. "उद्या म्हणजे पुन्हा तू रात्रभर विचार करणार."

७

घड्याळने सगळं सांगितलं, आधी व्यवस्थापकांना आणि मग पोलिसांना. पोलिसांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, जबाब लिहून घेतले आणि डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानून नैसर्गिक मृत्यू म्हणून प्रकरण मिटवलं. बससेवेने त्याला काही महिने घरी बसवलं. मावशी कामावर राहिल्या. समितीतल्या एकाने त्यांना विचारलं की तुम्ही आधी खोटं का बोललात, तेव्हा शंकाबाई मधेच म्हणाल्या की तो भाग अहवालात आहे, वाचून घ्या. अहवालात तो भाग नव्हता. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी गाळलेला तो एकच.

गावात दोन दिवस शिवणवाल्या बाईंविषयी बोललं गेलं. मग परीक्षा आल्या आणि लोकांना दुसरे विषय मिळाले.

पण हे सगळं व्हायच्या आधी, घड्याळने सांगून टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्पितळातून प्रोफेसरकाकांना न्यायचं होतं. शंकाबाई टाकीच्या थांब्यावर गेल्या आणि बाईंना म्हणाल्या, "चला."

"मी कशाला? मला कोण आत सोडणार?"

"बघू तरी."

बाईंनी स्वच्छ धुतलेली साडी नेसली. घड्याळ बरोबर आला, गणवेशाशिवाय, आणि तसा तो उघडाबोडका वाटत होता. तिघं बसने आले.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला लांब बोळ होता आणि त्याच्या टोकाला शवागाराचं दार. दाराशी पांढऱ्या डगल्यातला एक कर्मचारी खुर्ची टाकून बसला होता. पुतण्या आधीच येऊन उभा होता, दाढी न केलेला. त्याने बाईंकडे पाहिलं. पोलिसांकडून त्याला सगळं कळलं होतं, ते त्याच्या पाहण्यातच दिसलं.

"फक्त नातेवाईक," कर्मचारी म्हणाला. त्याने बाईंना विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. रोज दुपारभर बोलणाऱ्या त्या बाईंना शब्द सापडेना. त्या मागे फिरायला लागल्या. कर्मचाऱ्याचंही काही चुकत नव्हतं, तो रोज हाच प्रश्न विचारत होता.

"घरच्या आहेत," कुणीतरी म्हणालं.

घड्याळ म्हणाला होता. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, पण त्याने ते पुन्हा एकदा, बोळभर ऐकू जाईल असं सांगितलं. "त्यांच्या घरच्या आहेत त्या. माझी आई."

कर्मचाऱ्याने पुतण्याकडे पाहिलं. नाही म्हणायचा अधिकार त्याचा होता. पुतण्याने स्वतःच दार ढकललं आणि ते उघडं धरून उभा राहिला.

"या," तो बाईंना म्हणाला. "थंड आहे आत. जरा पदर घ्या अंगाभोवती."

बाई आत गेल्या. त्यांच्या मागून पुतण्या गेला आणि शेवटी, दोन पावलं मागे राहून, घड्याळ. आतून काही वेळाने बाईंचं बोलणं ऐकू येऊ लागलं, हळू, न थांबता. शब्द कळत नव्हते.

कर्मचारी दार लोटायला उठला आणि शंकाबाईंपाशी थांबला.

"आणि तुम्ही? तुम्हीही त्यांच्यातल्याच का?"

"नाही," शंकाबाई म्हणाल्या. "मी कुणी नाही. बससेवेतून आलेय."

त्याने मान डोलावली आणि दार लावून घेतलं. शंकाबाई बोळातल्या बाकावर बसल्या. जायला हरकत नव्हती, काम संपलं होतं. तरी त्या बसून राहिल्या.